जुना सोफा ऑनलाइन विकतोय. घेणारा म्हणतो, ‘क्यूआर कोड पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील.’ करावं का?

अजिबात नको! पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. स्कॅन केल्यावर पडद्यावर ‘पे’ आणि रक्कम स्पष्ट दिसते, पण समोरचा फोनवर इतकी घाई करतो की वाचायचं राहून जातं. म्हणून आधी फोन ठेवा. खरं गिऱ्हाईक असेल तर तुमच्या यूपीआय आयडीवर थेट पाठवेल. ‘चुकून जास्त गेले, परत करा’ म्हणाला तर एसएमएसवर विसंबू नका, बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक बघा.

आणि कुणाचे पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, बँकेलाही कळवा. रक्कम पुढे वळवण्याआधी तक्रार पोचली तर ती गोठवता येते.