टॉवर नसलेल्या एअरफिल्डवर ग्लायडरला कायम आधी वाट द्यायची असते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सीपीएलसाठी (व्यावसायिक पायलटच्या परवान्यासाठी) अमेरिकेत आला आहात, एअरफिल्डला टॉवर, म्हणजे विमानांना सूचना देणारा नियंत्रण कक्ष, नाही, त्याच रनवेवर ग्लायडरचा, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांचा, क्लबही चालतो. सोलो सर्किट (एकट्याने रनवेभोवतीची चौकोनी फेरी) करताना तुम्ही फायनलला, म्हणजे उतरण्याआधीच्या सरळ टप्प्यात, होतात आणि एक ग्लायडर आतल्या बाजूने येऊन तुमच्यापुढे उतरलं. रेडिओवर एक शब्द नाही. तुम्हाला गो-अराउंड करावा लागला, म्हणजे न उतरता परत वर जावं लागलं, आणि वर क्लबवाले म्हणतात, "ग्लायडरला कायम प्राधान्य."

अर्धं खरं आहे. मी हडपसरला ग्लायडिंग शिकलो, आता इथे कोलोरॅडोत शनिवार-रविवारी ग्लायडर उडवतो. म्हणजे ज्यांच्यावर तुम्ही चिडला आहात त्यांच्याच गोटातला, हे लक्षात घेऊन वाचा.

नियम आधी उरकून टाकू. एफएएच्या (अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाच्या) ९१.११३ या कलमाप्रमाणे दोघांच्या वाटा एकमेकींना छेदत असतील तर इंजिनवाल्याने ग्लायडरला वाट द्यायची. ग्लायडर ओढत नेणाऱ्या टो प्लेनलाही बाकीच्या इंजिनवाल्यांनी वाट द्यायची. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की फायनलवर असलेल्याचा हक्क इतरांआधी, आणि दोघंही उतरायला येत असतील तर जो खाली असेल त्याचा. मात्र खाली असल्याचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या पुढे घुसायचं नाही. तेव्हा ते ग्लायडर खरोखर घुसलं असेल तर "कायम प्राधान्य" म्हणून सुटका नाही. पण ते आधीपासूनच तुमच्या खाली बेसवर (फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्यात) होतं आणि तुम्हाला दिसलंच नाही, हीही शक्यता आहे. मला तीच जास्त वाटते.

कारण तुम्ही शोधत होतात ते चुकीच्या जागी. आपल्याला सर्किटमध्ये विमानं हजार फुटांवर, डाउनविंडला (रनवेला समांतर, उलट दिशेच्या टप्प्यात), पुढे किंवा मागे शोधायला शिकवतात. ग्लायडर तिथे नसतंच. एकच रनवे दोघं वापरत असतील तर ग्लायडरचं सर्किट इंजिनवाल्यांच्या सर्किटच्या आतून असतं. टॉवर नसलेल्या एअरफिल्डसाठी एफएएचं एसी ९०-६६ हे सल्लापत्रक आहे, त्यातही तसंच लिहिलंय. यात शिष्टपणा काही नाही. वाटेत खाली जाणारी हवा लागली तर लांबून परत ओढून आणायला त्याच्याकडे काही नाही. श्वायझर २-३३ सारखं जुनं ट्रेनर शांत हवेत ३०० मीटर उंचीवरून साडेसहा किलोमीटरच्या आसपास जातं, आणि हवा कधीच एवढी शांत नसते. म्हणून ग्लायडर पायलट मुद्दाम उंच आणि रनवेला चिकटून राहतो, मग एअरब्रेक उघडून नको असलेली उंची फेकून देतो. बघणाऱ्याला वाटतं, हे एवढ्या वरून कुठलं उतरतंय! आणि बघता बघता ते रनवेवर टेकलेलं असतं.

त्यात ते दिसत नाही. पंख पंधरा-सतरा मीटर लांब, पण समोरून पाहिलं तर ढगावर पेन्सिलीने ओढलेली रेघ. रंग पांढरा. वळताना पंखाची अख्खी पाठ उन्हात एकदा लखकन चमकते, तेवढीच संधी. म्हणून तुम्ही बेसवर वळण्याआधी आतल्या बाजूला, रनवेच्या टोकाजवळ, तुमच्यापेक्षा वर आणि खाली असं दोन्हीकडे नीट बघा. सर्किटच्या बाहेर असाल तर कापसासारख्या ढगांच्या तळाशी बघा. पक्षी घिरट्या घालत असतील तर तिथे थर्मल (वर चढणारी गरम हवा) आहे, आणि थर्मल आहे तिथे आम्हीही असतो.

टॅबलेटवर आसपासची विमानं दिसतात, त्यावर विसंबू नका. ट्रान्सपॉन्डर आणि एडीएस-बी, म्हणजे विमानाची जागा आपोआप कळवणारी यंत्रं, यांच्या सक्तीतून इथे बहुतेक आकाशात ग्लायडरना सूट आहे, त्यामुळे पडद्यावर रिकामं दिसणारं आकाश रिकामं असेलच असं नाही. २८ ऑगस्ट २००६ ला नेवाडात एक हॉकर जेट सुमारे १६,००० फुटांवर ग्लायडरवर आदळलं. ग्लायडरमध्ये ट्रान्सपॉन्डर होता, पण बॅटरी वाचवायला बंद ठेवलेला. ग्लायडर पायलट पॅराशूटने उतरला, जेट कार्सन सिटीला पोटावर उतरलं, सगळे वाचले. ही सूट काढा, असं एनटीएसबीने (अपघात तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेने) २००८ मध्ये एफएएला सुचवलं होतं. माझंही मत तेच, क्लबात मात्र ते बोललो की वाद होतो.

रेडिओचंही तसंच. टॉवर नसलेल्या बहुतेक एअरफिल्डवर तो सक्तीचा नाही हे खरं. पण हातात धरायचा सेट स्वस्तात मिळत असताना डाउनविंडला एक वाक्य न बोलणं हा निव्वळ आळस आहे. तुमची ती तक्रार शंभर टक्के रास्त.

आता टो प्लेनबद्दल, कारण शिकणाऱ्यांच्या ते गावीही नसतं. टो प्लेन दिसलं की मागे साठेक मीटर दोर आणि दोराच्या टोकाला ग्लायडर आहे, असंच धरून चालायचं. त्या दोघांच्या मधून जायचा विचारही करू नका. ६ फेब्रुवारी २०१० ला आमच्या इथल्या बोल्डरजवळ एक सिरस एसआर-२० आणि ग्लायडर ओढणारं पॉनी टो प्लेन यांची दिवसाढवळ्या टक्कर झाली. सिरसमधले दोघे आणि टो पायलट असे तिघे गेले. ग्लायडरच्या पायलटने ऐनवेळी दोर सोडला म्हणून तो आणि त्याचे दोन प्रवासी सुखरूप उतरले. ग्लायडर सोडल्यावर टो प्लेन झपाट्याने खाली येतं, आणि बऱ्याचदा दोर लोंबत असतो. ते फायनलवर असेल तर टेकायच्या जागेच्या अलीकडे त्या दोराखाली कोणी उभं राहायचं नसतं.

तुम्ही गो-अराउंड केलात ते उत्तम केलंत. तुमच्याकडे दुसरी फेरी आहे, त्याच्याकडे नाही. फक्त सरळ वर चढत जाऊ नका: ग्लायडरचं सर्किट ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूला थोडं सरका आणि ते नजरेतून सुटू देऊ नका. पुढच्या वेळी अंतरही जास्त ठेवा. उतरलेलं ग्लायडर टॅक्सी करून बाजूला होत नाही, पोरं धावत येऊन ढकलेपर्यंत ते रनवेवरच एक पंख टेकून बसलेलं असतं.

हडपसरला ग्लायडर विंचने, म्हणजे जमिनीवरच्या यंत्राने केबल ओढून, चढायचं, तिथला धोका वेगळा. पोलादी केबल दीड-दोन हजार फुटांपर्यंत जाते आणि वरून अजिबात दिसत नाही. अमेरिकेत विंच कमी आहेत, पण क्रॉस-कंट्रीला (लांबच्या उड्डाणाला) निघण्याआधी वाटेतल्या ग्लायडर क्लबांची माहिती वाचून ठेवा आणि विंच असलेल्या एअरफिल्डच्या डोक्यावरून कमी उंचीने जाऊ नका.

आणि शनिवारी सकाळी क्लबच्या टेबलापाशी जाऊन विचारा: तुमचं सर्किट कोणत्या बाजूने, दोर कुठे टाकता, कोणत्या फ्रीक्वेन्सीवर बोलता. रेडिओबद्दल काय बोलायचं तेही तिथेच बोला. मागच्या सीटवर एक फेरी मागितलीत तर बहुतेक देतील. त्या सीटवरून तुमचं सेसना फायनलला किती उशिरा दिसतं, ते कळेल.