शहरातल्या मालवाहतुकीसाठी इलेक्ट्रिक गाड्या आणि चार्जिंग, यात पैसा सरकार घालतं का कंपन्या?

दोघंही, पण गाड्यांचा मोठा खर्च खाजगीच आहे, सरकार फक्त किंमत थोडी खाली आणतं. इलेक्ट्रिक गाड्यांना मदत देणाऱ्या केंद्र सरकारच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेची (ऑक्टोबर २०२४ पासून) कागदपत्रं वाचली तर एकूण १०,९०० कोटींपैकी चार्जिंगला २,००० कोटी आणि ई-ट्रकला ५०० कोटी ठेवलेत, मालवाहू तीनचाकींनाही सबसिडी ठेवली होती. दुसरीकडे अ‍ॅमेझॉनने २०२० मध्येच भारतात डिलिव्हरीसाठी १०,००० इलेक्ट्रिक गाड्या आणायचं जाहीर केलं होतं. फक्त एक लक्षात घ्या, ट्रकची सबसिडी साडेतीन टनांच्या वरच्यांनाच आहे, म्हणजे बाजारपेठेत गल्लीबोळात माल पोचवणारा छोटा चारचाकी टेम्पो यात बसत नाही, आणि खरं तर मदत त्यालाच आधी मिळायला हवी होती.