अ‍ॅम्प्लिफायर निवडताना आधी फ्यूज पाहा

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा : गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे, कंपनीने बसवलेला टचस्क्रीन तसाच ठेवायचा आहे, पुढच्या दारांसाठी ७५ वॉट आरएमएसचे (म्हणजे सलग पेलता येणाऱ्या शक्तीचे) साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर (ज्यांत उंच स्वरांचा ट्विटर वेगळा असतो) घेऊन झाले आहेत, दहा इंची सबवूफर (खोल बाससाठीचा मोठा स्पीकर) घ्यायचा बाकी आहे आणि दुकानदाराने ‘३००० वॉट’ छापलेला, क्लास एबी प्रकारचा चार चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर सुचवला आहे. तो घेऊ नये असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण त्या यंत्राच्या कडेला बसवलेल्या फ्यूजवरच वाचता येते.

तुम्ही दिलेल्या छायाचित्रात १५ अ‍ॅम्पिअरचे दोन फ्यूज दिसतात, म्हणजे हे यंत्र गाडीकडून सलगपणे फार तर ३० अ‍ॅम्पिअर प्रवाह घेऊ शकते. इंजिन चालू असताना विद्युतदाब सुमारे १४.४ व्होल्ट धरला, तर आत जाणारी शक्ती ४३२ वॉट होते. क्लास एबी अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण भारावर त्यातील जेमतेम ६० टक्के स्पीकरपर्यंत पोहोचवतो आणि उरलेली शक्ती उष्णता होऊन जाते. चारही चॅनेल मिळून हाती राहतात साधारण २६० वॉट, म्हणजे प्रत्येकी ६५. एवढी शक्ती कामाची असतेच, पण तिच्यासाठी ३००० वॉटचे पैसे मोजण्याचे कारण नाही. हाच गुणाकार कोणत्याही अ‍ॅम्प्लिफायरला लावून पाहा. त्याचबरोबर माहितीपत्रकात सीटीए-२००६ या मानकाचा उल्लेख शोधा, पूर्वी त्याला सीईए-२००६ म्हणत. या मानकानुसार शक्ती १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या भारावर आणि १ टक्क्याहून अधिक विकृती न येऊ देता मोजली जाते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येते.

आता सबवूफर. तो अजून घेतलेला नाही हे फार चांगले झाले, कारण सबवूफरची व्हॉइस कॉइल (त्याचा पडदा हलवणारे तारेचे वेटोळे) आणि अ‍ॅम्प्लिफायर यांची निवड एकत्रच करावी लागते. समजा, तुम्ही प्रत्येक चॅनेलला ४ ओहमवर ७५ वॉट आणि २ ओहमवर ११० वॉट देणारा चार चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला. दोन चॅनेल पुढच्या स्पीकरना द्यायचे आणि उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून त्यांचा एकच चॅनेल बनवून, सबवूफरला जोडायचे. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलला सबवूफरचा अर्धाच रोध दिसतो. दुहेरी ४ ओहम कॉइलचा सबवूफर समांतर जोडला तर एकूण रोध २ ओहम होतो, प्रत्येक चॅनेलला १ ओहम दिसतो, आणि २ ओहमपर्यंतच चालणारा अ‍ॅम्प्लिफायर तापून संरक्षण स्थितीत जातो (स्वतःहून बंद पडतो) किंवा जळतो. तोच सबवूफर एकसर जोडला तर ८ ओहम होतात आणि केवळ १५० वॉट मिळतात. याउलट दुहेरी २ ओहम कॉइलचा सबवूफर एकसर जोडला, किंवा एकाच ४ ओहम कॉइलचा घेतला, तर प्रत्येक चॅनेलला नेमके २ ओहम दिसतात आणि २२० वॉट मिळतात. बंद खोक्यातील एका दहा इंची सबवूफरला छोट्या गाडीत एवढी शक्ती भरपूर होते.

पुढच्या स्पीकरसाठी ७५ ऐवजी १०० वॉट मिळावेत म्हणून जादा खर्च करू नका. शक्ती दुप्पट झाली तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. ७५ आणि १०० वॉटमधला फरक जेमतेम सव्वा डेसिबलचा आहे. तेच पैसे दारांच्या पत्र्याला डँपिंग शीट (कंप शोषणारा जाड थर) लावण्यात घातले, तर बास अधिक भरीव होतो आणि दार थरथरत नाही.

प्रकार क्लास डी घ्या. तो ८० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असतो, त्यामुळे वर सांगितलेली ३७० वॉटची जुळणी (पुढच्या स्पीकरना १५० आणि सबवूफरला २२०) पूर्ण भारावरही ३२ अ‍ॅम्पिअरच्या आसपासच राहते, आणि संगीत ऐकताना सरासरी वापर त्याहून पुष्कळ कमी असतो. मुख्य म्हणजे तो कमी तापतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ही बाब महत्त्वाची ठरते. सीटखाली बसवणार असाल तर थेट गालिच्यावर ठेवू नका, लहानशा फळीवर उचलून बसवा. पावसाळ्यात ओल्या बुटांचे पाणी तिथेच साचते.

मूळ स्क्रीन ठेवायचा असल्याने हाय-लेव्हल इनपुट (मूळ स्क्रीनच्या स्पीकरच्या तारांतूनच संकेत घेण्याची सोय) आणि संकेत ओळखून आपोआप चालू होण्याची सोय असलेलेच मॉडेल पाहा. जोडणी कपलरने (मूळ सॉकेटात बसणाऱ्या जोडणीने) करून घ्या, म्हणजे गाडीचे वायरिंग कापावे लागत नाही.

वायरिंगमध्ये काटकसर करू नये, ही कळकळीची विनंती. स्वस्त किटमधील तार तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते, आणि अ‍ॅल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्केच आहे. शुद्ध तांब्याची ८ गेजची तार किमान हवी (गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड). ४ गेजची घेतलीत तर अधिक उत्तम. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत मुख्य फ्यूज असलाच पाहिजे, कारण तो तारेचे, पर्यायाने गाडीचे, आगीपासून रक्षण करतो. अर्थची तार आखूड ठेवून, रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर घट्ट आवळा. माझ्या पहिल्या गाडीत ती रंगावरच आवळली होती आणि इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिटी स्पीकरमधून ऐकू येत असे. तिचे मूळ सापडायला तीन आठवडे लागले.

शेवटी गेन. हे आवाज वाढवण्याचे बटण नसून स्क्रीनकडून येणारा संकेत अ‍ॅम्प्लिफायरशी जुळवण्याचे साधन आहे. ते वाजवीपेक्षा वाढवले की लहरींची टोके कापली जातात आणि सर्वांत आधी ट्विटर जळतात. स्पीकर काढून ठेवा, इक्वलायझर सपाट करा, आवाज सुमारे तीन चतुर्थांशावर ठेवून ४०० हर्ट्झचा अखंड स्वर वाजवा आणि पुढच्या चॅनेलच्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजत गेन हळूहळू वाढवा. ७५ वॉट आणि ४ ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ १७.३ येते, म्हणून १७.३ व्होल्टवर थांबा. सबवूफरसाठी ५० हर्ट्झचा स्वर घेऊन २९.७ व्होल्टवर थांबा (२२० वॉट आणि ४ ओहम यांचा तसाच हिशेब). मग क्रॉसओव्हर (स्वरांची विभागणी करणारी सोय) दोन्हीकडे ८० हर्ट्झवर ठेवा, पुढच्या स्पीकरना हाय-पास (फक्त त्यावरचे स्वर) आणि सबवूफरला लो-पास (फक्त त्याखालचे), आणि मगच स्पीकर परत जोडा.