नवी की जुनी इलेक्ट्रिक गाडी? आधी वॉरंटीतले किलोमीटर मोजा

प्रश्न जालन्याच्या एका प्राध्यापिकेचा आहे. त्या छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयात शिकवतात आणि रोज अप-डाउन करतात, जाऊन-येऊन साधारण १२० किलोमीटर. पगार हातात ७८,००० रुपये येतो. त्यातून गृहकर्जाचा हप्ता २१,००० आणि म्युच्युअल फंडाची एसआयपी १०,००० जाते. एफडीत ९ लाख आहेत. यजमानांचं जालन्यात कृषी सेवा केंद्र आहे. मुलगी दहावीत असून जूनमध्ये अकरावीसाठी लातूरला जाणार आहे. क्लास, वसतिगृह, मेस मिळून दोन वर्षांचा खर्च त्यांनी ५ लाख धरला आहे. सध्या नऊ वर्षांची पेट्रोल वॅगन-आर आहे.

त्यांच्यापुढे दोन गाड्या आहेत. एक नवी नेक्सॉन ईव्ही, ४५ किलोवॅट-अवर (म्हणजे ४५ युनिट वीज मावणाऱ्या) बॅटरीची, विम्यासह १४,८०,००० रुपये. दुसरी संभाजीनगरच्या एका डीलरकडची २०२२ ची नेक्सॉन ईव्ही, ३०.२ किलोवॅट-अवरची, ४१,००० किलोमीटर चाललेली, मागणी ७,६०,०००. हातचे ३ लाख भरून बाकी कर्ज काढायचं आहे. बँकेने नव्या गाडीला पाच वर्षांसाठी ९ टक्के, जुनीला चार वर्षांसाठी १३ टक्के दर सांगितला आहे. "जुनी घेतली तर बॅटरी बसेल अशी सगळे भीती घालतात, नवी घेतली तर हप्ता झेपेल का कळत नाही," असं त्यांनी लिहिलं आहे.

ताई, तुमचं रोजचं अंतर इतकं आहे की इलेक्ट्रिक गाडी घेण्याचा विचार मुळात बरोबरच आहे. महिन्याला इकडचं-तिकडचं धरून ३,००० किलोमीटर होतात. लिटरला १७ चं अॅव्हरेज आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर महिन्याला साडेअठरा हजार रुपये टाकीत जातात. तुमच्या गृहकर्जाच्या हप्त्याच्या ते फार मागे नाहीत.

आता विजेचा हिशोब. "एक रुपया किलोमीटर" हे तुम्हाला शोरूममध्ये सांगितलं असेल, ते तुमच्या घरी लागू होणार नाही. हायवेवर एसी लावून, चार्जिंगमधली गळती धरून १०० किलोमीटरला १६ युनिट धरा. म्हणजे महिन्याला ४८० युनिट. तुमचा घरचा वापर १६० युनिटचा आहे, तो ६४० वर जाईल. महावितरणच्या घरगुती दरांत १००, ३०० आणि ५०० युनिटचे टप्पे आहेत आणि गाडीचे सगळे युनिट वरच्या टप्प्यांत पडतात. वहन आकार आणि वीज शुल्क धरून मी सरासरी युनिटला १६ रुपये लावले आहेत. बिल साधारण ७,७०० रुपयांनी वाढेल, म्हणजे किलोमीटरला अडीच रुपये. पेट्रोलच्या सव्वासहा रुपयांपुढे ते तरीही खूपच कमी आहेत.

नव्या गाडीला ११,८०,००० चं कर्ज, हप्ता साधारण २४,५००. त्यात वीज मिळवली की ३२,२००. तुमच्या पगारातून गृहकर्ज, एसआयपी आणि हे वजा केलं की घरासाठी १४,८०० उरतात. आज पेट्रोल भरूनही साडेअठ्ठावीस हजार उरतात. दुकानाचं उत्पन्न आहे हे मला ठाऊक आहे, पण त्याच्या भरवशावर गाडीचा हप्ता बांधू नये असं माझं ठाम मत आहे. कृषी केंद्राचा पैसा मे-जूनमध्ये बी-बियाण्यात आणि खतात अडकतो, निम्मा माल उधारीवर जातो, आणि वसुली सोयाबीन-कापूस विकल्यावर होते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, त्यानंतर ज्यांची पिकं वाहून गेली त्यांच्याकडे उधारी मागायला कुठल्या तोंडाने जायचं, हा प्रश्न तुमच्या घरातही आला असेल. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला कापला जातो. म्हणून गाडीचा हप्ता पगारातूनच निघाला पाहिजे.

जुनीला सांगितलेल्या किमतीत ४,६०,००० चं कर्ज, हप्ता १२,३००, विजेसह २०,०००. हे झेपतं. पण झेपतं म्हणून घ्या, असं मी म्हणणार नाही, कारण तुमच्या मनातली बॅटरीची भीती खोटी नाही.

या गाडीच्या बॅटरी आणि मोटरवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी होईल तोपर्यंत वॉरंटी आहे. डीलर तुम्हाला म्हणेल, "२०२२ ची गाडी आहे मॅडम, २०३० पर्यंत काळजी नाही." शहरात दिवसाला तीस किलोमीटर चालवणाऱ्याला ते खरं आहे. तुमचं वर्षाचं चालवणं ३६,००० किलोमीटर आहे. ४१,००० वजा जाता १,१९,००० उरतात, आणि ते तुम्ही तीन वर्षं चार महिन्यांत संपवाल. त्यानंतर बॅटरीला काही झालं तर लाखांत खर्च, आणि तो तुमच्याच खिशातून. त्यामुळे गाडीचं साल तुम्ही बाजूला ठेवा. तुम्ही विकत घेताय ते वॉरंटीतले १,१९,००० किलोमीटर.

त्याच मापाने दोन्ही गाड्या मोजू. जुनी: ७,६०,००० आणि १,३२,००० व्याज, एकूण ८,९२,०००. भागिले १,१९,०००, म्हणजे वॉरंटीतल्या किलोमीटरला साडेसात रुपये. नवी: टाटाने या ४५ च्या बॅटरीवर पहिल्या खाजगी मालकाला १५ वर्षांची, किलोमीटरची मर्यादा नसलेली वॉरंटी दिली आहे. समजा तुम्ही ती सात वर्षं चालवली, तर २,५२,००० किलोमीटर होतात. किंमत आणि २,९०,००० व्याज मिळून १७,७०,०००, म्हणजे किलोमीटरला सात रुपये. हो, सात वर्षं हीच नोकरी आणि हाच रस्ता राहिला तर नवी गाडी स्वस्त पडते. जुनी म्हणजे आपोआप किफायत, असं इथे नाही.

तरीही माझा कौल जुनीकडे आहे, आणि त्याचं कारण पुढची दोन-तीन वर्षं आहेत. मुलीची अकरावी-बारावी आहे. पुढे मेडिकल म्हणा की आणखी काही, प्रवेशाच्या वेळी किती लागतील हे आज कुणीच सांगू शकत नाही. लातूरचा खर्च ठरल्यापेक्षा वाढला तर नव्या गाडीच्या हप्त्यामुळे तुम्ही आधी एसआयपी बंद कराल, मग एफडी मोडाल. सात वर्षांत वाचणारे पैसे पहिल्या दोन वर्षांत घर ओढगस्तीला आणून वाचवायचे नसतात. शिवाय संभाजीनगरला बिऱ्हाड हलवलं किंवा जालन्यातच नोकरी मिळाली, तर नव्या गाडीचा सगळा फायदा विरतो, कारण तो फक्त भरपूर चालवण्यातच आहे.

पण ७,६०,००० देऊ नका. ७ लाखांना मिळाली तर कर्ज ४ लाखांचं, व्याज सव्वालाखाच्या आत आणि किलोमीटरला पावणेसातच्या जवळपास, म्हणजे नव्याच्या बरोबरीला. हप्ता १०,७०० आणि वीज ७,७००, बेरीज १८,४००. आज पेट्रोलला जातात तेवढेच, पगारातून एक रुपया जास्त नाही. ७ लाखांच्या वर मात्र तिथूनच परत फिरा. आणखी दोन-तीन गाड्या याच मापाने बघा. विशेषतः नेक्सॉन ईव्ही मॅक्स, ४०.५ किलोवॅट-अवरची, २५,००० किलोमीटरच्या आत चाललेली मिळाली तर थोडे जास्त पैसे घालायला हरकत नाही. मोठ्या बॅटरीवर रोजचे १२० किलोमीटर कमी ताणाचे होतात.

गाडी पारखताना गुळगुळीत पॉलिश बघू नका. एक म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या आरोग्याचा, म्हणजे एसओएचचा, अहवाल घ्यायला सांगा आणि त्याच वेळी वॉरंटी तुमच्या नावावर चालू राहील हे लेखी घ्या. दुसरं, गाडी पूर्ण चार्ज करून, एसी लावून संभाजीनगर-जालना-संभाजीनगर चालवा, तुम्ही रोज चालवता त्याच वेगाने. कागदावर या गाडीची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जायचं अंतर, ३१२ किलोमीटर आहे, पण हायवेवर चांगल्या बॅटरीला १८० ते २०० धरायची. १२० किलोमीटर फिरून ३० टक्क्यांहून कमी चार्ज उरला तर ती गाडी तुमच्या कामाची नाही. तीन वर्षांनी मे महिन्याच्या उन्हात तीच गाडी तुम्हाला वाटेत करमाडजवळ घाम फोडेल. डीलर एवढं चालवू देत नसेल तर त्याचा अर्थ तुम्हीच लावा.

नंबरप्लेटही नीट बघा. खाजगी इलेक्ट्रिक गाडीची पाटी हिरवी आणि अक्षरं पांढरी असतात, व्यावसायिक गाडीची अक्षरं पिवळी. टॅक्सीत चाललेली गाडी पाटी बदलून समोर उभी केली असेल तर ते आरसी बुकावर कळेल. आणि विम्याचे जुने क्लेम काढून घ्या. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली इलेक्ट्रिक गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

आता ज्या गोष्टीसाठी मला तुम्हाला मुद्दाम लिहायचं होतं, ती म्हणजे तुमचं छत. घर स्वतःचं आहे, गच्ची मोकळी आहे आणि जालन्यात उन्हाला तोटा नाही. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. संच साधारण २ लाखांचा धरला तर तुमचे १,२२,००० जातात. किलोवॅटला दिवसाला चार युनिट या हिशोबाने महिन्याला सरासरी ३६० युनिट तयार होतात, पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. नेट मीटरमुळे दिवसा ग्रिडला दिलेले युनिट रात्री गाडीला लागलेल्या युनिटांतून वजा होतात. तुमचा ६४० चा वापर २८० वर येतो, म्हणजे सगळ्यात महागडे टप्पेच कापले जातात. महिन्याला साडेपाच-सहा हजार वाचतील आणि घातलेले पैसे दोन वर्षांच्या आत वसूल होतील. इतका परतावा तुमच्या एफडीतही नाही, एसआयपीतही धरता येणार नाही. गाडी दर वर्षी किमतीने उतरते, छतावरचा संच दर महिन्याला बिल कमी करतो. नव्या गाडीसाठी ओढाताण करायची, त्यापेक्षा जुनी गाडी आणि सोलर ही जोडी तुमच्या घराला जास्त शोभते.

अनुदान संच बसल्यानंतर खात्यात येतं, आधी पूर्ण रक्कम द्यावी लागते. त्यासाठी एफडी मोडू नका. सरकारी बँका या योजनेत गाडीच्या कर्जापेक्षा बऱ्याच कमी दराने कर्ज देतात, ते घ्या आणि अनुदान आलं की त्यात भरा. एफडीतले ३ लाख गाडीला आणि अडीच लाख लातूरच्या पहिल्या वर्षाला गेले की साडेतीन लाख उरतात. त्यांना हात लावायचा नाही, जूनमध्ये दुकानात माल भरायलासुद्धा नाही. आणि महावितरणच्या उपविभागात जाल तेव्हा गाडीसाठी स्वतंत्र मीटर घेऊन ईव्ही चार्जिंगचा वेगळा दर तुम्हाला लागू होईल का, हेही विचारून या. घराच्या वीजजोडणीचा मंजूर भार वाढवावा लागेल. १५ अँपिअरच्या पॉइंटवर रोजचा चार्ज भरायला सहा-सात तास लागतील, त्यामुळे वायरिंग आणि अर्थिंग चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून नवंच करून घ्या.

इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजावरची दीड लाखांची करसवलत तुम्ही विचारली आहे, ती आता नाही. आयकराच्या कलम ८०ईईबीची ही वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. डीलर तिचं नाव घेऊन गाडी विकत असेल तर सावध व्हा. समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे हे खरं, पण तिथल्या वेगात बॅटरी झपाट्याने उतरते. रोजच्यासाठी जालना रोडच बरा.

वॅगन-आर एक्स्चेंजमध्ये देऊ नका. डीलर तिचे जे काही देईल, त्यापेक्षा ती दारात असणं तुम्हाला जास्त मोलाचं आहे. लातूर तुमच्याकडून दोनशे किलोमीटरहून लांब आहे आणि ३०.२ च्या गाडीला वाटेत चार्ज करावंच लागेल. मुलीला रात्री ताप आला असा फोन आला, तर चार्जर कुठे चालू आहे हे शोधत बसायची ती वेळ नसते. वॅगन-आर असली की पावसाळ्यात रात्रभर लाइट गेली, तरी सकाळचं लेक्चर चुकणार नाही.

व्यवहार करताना आरसीवर आधीच्या मालकाच्या बँकेचा बोजा आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनपलीकडे पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन गाडी तुमच्या नावावर चढेपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवा आणि तसं पावतीवर लिहून घ्या. नाव बदलल्यावर १४ दिवसांत विमाही तुमच्या नावावर करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे डीलरने सांगितलेला विम्याचा हप्ता थोडा वाढेल. हे सगळं धरून ३०-३५ हजार वेगळे ठेवा आणि ७ लाखांची बोली करताना ते लक्षात असू द्या.