नोकरी करत तौलनिक नीतिशास्त्र आणि धर्म शिकण्यात अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेत आयटीतली नोकरी सांभाळून, पंचेचाळिशीत, लिबरल स्टडीजच्या एम.ए.त (साहित्य, तत्त्वज्ञान, इतिहास अशा अनेक विषयांची मिळून एक पदवी) धर्म आणि नीतिशास्त्राचे कोर्स घ्यावेत का? मी ही पदवी नोकरी करतच घेतली, म्हणून लिहिते.

पगारवाढीची आशा असेल तर नका घेऊ. वेस्लियन विद्यापीठाने १९५३ मध्ये असा कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून हे शिक्षण कामाधंद्याला लागलेल्या मोठ्या माणसांसाठी आहे. पुढे पीएच.डी. करायची असेल तर डिव्हिनिटी स्कूलचा, म्हणजे विद्यापीठातल्या धर्माभ्यासाच्या विद्यालयाचा, रस्ता सरळ पडतो.

कोर्सच्या नावावर जाऊ नका, आधी सिलॅबस मागवा. एक आठवडा हिंदू धर्म, एक बौद्ध, एक इस्लाम, असं दिसलं तर ती सात दिवसांत नऊ देशांची सहल समजा. एकच प्रश्न धरून बसणारा कोर्स शोधा.

आमच्या एका कोर्समध्ये खोटं बोलण्याचा प्रश्न होता. खुनी दारात येऊन तुमचा मित्र कुठे लपलाय विचारतो, तरी खोटं बोलू नये, असं जर्मन तत्त्वज्ञ कांट १७९७ च्या निबंधात म्हणतो. त्याच्याशेजारी कर्णपर्वातला कौशिक. सत्याचं व्रत घेतलेला हा तपस्वी दरोडेखोरांना लपलेल्या माणसांची जागा सांगतो, माणसं मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. ही गोष्ट कृष्ण अर्जुनाला सांगतो, कारण अर्जुन प्रतिज्ञा पाळायची म्हणून युधिष्ठिरावरच तलवार उपसून उभा असतो!

‘बघा, आपले लोक किती व्यवहारी’ असं मनात आलंच. मग मध्ययुगीन इस्लामी विचारवंत अल्-गझाली वाचला; निरपराधाचा जीव वाचवायला खोटं बोलणं तो कर्तव्यच ठरवतो. आणि संत ऑगस्टिन, पक्का ख्रिस्ती, खोट्याच्या बाबतीत कांटइतकाच कडक. पूर्व-पश्चिम अशी वाटणी तिथेच कोलमडली. उरला तो खरा अवघड प्रश्न: अपवाद कधी करायचा हे ठरवणार कोण? ज्याला खोट्याचा फायदा आहे तोच? कांटला एरवी हट्टी म्हणणारे आम्ही त्या संध्याकाळी जरा गप्प होतो.

मराठी वाचकाला यात एक आयती सोय आहे. गीतारहस्याच्या ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात टिळकांनी सत्याचा हाच पेच घेतलाय आणि पाश्चात्य नीतिशास्त्रज्ञांची मतंही शेजारी मांडली आहेत. प्रवेशाआधी ते एक प्रकरण वाचा. कंटाळा आला तर पैसे वाचले.

पैशांवरून आठवलं, कंपनीची शिक्षणासाठीची मदत वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त असते. मात्र विषय कामाशी संबंधित हवा अशी अट काही कंपन्या घालतात, तेव्हा एचआरला आधी विचारा. संस्कृतसकट पौर्वात्य ग्रंथ वाचायची हौस असेल तर सांता फेच्या सेंट जॉन्स कॉलेजची ईस्टर्न क्लासिक्स ही वेगळी एम.ए. आहे, पण ती पुष्कळ वेळ खाते. नोकरीतून मला ती झेपली नसती.