चंदेरी बंदुकीवर नाव कोरायचंय? आधी मुलाम्याखाली काय आहे ते बघा

नमस्कार. प्रश्न वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कुळागराच्या (माड-पोफळींच्या बागेच्या) राखणीला आजोबांनी ठेवलेली बारा बोरची दोन नळी बंदूक आता रीतसर तुमच्या परवान्यावर आली आहे. तिचा मधला भाग, म्हणजे ॲक्शन, चंदेरी आहे, कडांना पिवळट झाक आहे आणि धातू कोणता ते कुणालाच सांगता येत नाही. त्यावर ‘श्री सातेरी प्रसन्न’ आणि एक रानडुक्कर कोरून हवंय. गावचे शेट, म्हणजे सोनार, म्हणतात, ‘थोडं तापवून मऊ करू, मग कोरू.’ शिवाय घरात एक चकचकीत एअर पिस्तूल आहे, त्यावरही जमेल का, असं विचारलंय.

शेटना आधी थांबवा. सोन्याचांदीवर त्यांचा हात कितीही चांगला असो, बंदुकीला फुंकणी लावायची नाही. जुन्या दोन नळीच्या ॲक्शनला बहुतेक वेळा केस हार्डनिंग केलेलं असतं. आतलं पोलाद मऊ ठेवून वरची पातळ कातडी तेवढी कडक केलेली असते. ज्या पिनवर नळ्या खाली झुकून उघडतात ती जागा आणि नळ्या जिथे अडकतात ते खाचे या कातडीच्या जोरावर वर्षानुवर्षं झिजत नाहीत. लाल करून सावकाश थंड केलं की ती कातडी गेली. कोरायला सोपं होईल, पण पुढे नळ्या खुळखुळायला लागतील. पुन्हा कडक करायला गेलात तर भाग किंचित वाकतो, आणि नळ्या व ॲक्शन यांची बसणी काजळी लावून, घासून, कागद जाणार नाही इतकी जुळवलेली असते, ती बिघडते. नळ्यांसकट तापवलं तर आणखी वाईट. दोन नळ्यांमधल्या पट्ट्या बहुधा कथील-शिशाच्या सोल्डरने बसवलेल्या असतात, आणि ते २०० अंशांच्या आसपास वितळायला लागतं. कारखाने नक्षी आधी कोरतात आणि मग कडक करतात, ते याचसाठी.

आता धातू ओळखायचं बघू. चंदेरी म्हणजे मुलामाच, असं धरून चालू नका. जुन्या बंदुकांच्या ॲक्शनवर केस हार्डनिंगचे निळे-तपकिरी रंग असतात, ते हाताळून उडाले की खालचं उघडं पोलाद राखाडी-चंदेरी दिसतं. लोक त्याला खुशाल निकेल म्हणतात. आणि निकेल असेल तर पिवळट झाक म्हणजे खाली पितळ आहे असंही नाही. निकेलला वयानुसार स्वतःचीच उबदार, पिवळसर छटा येते. क्रोमची छटा निळसर असते आणि ती तशीच राहते.

लहान लोहचुंबक दोऱ्याला बांधून जवळ न्या. खाडकन चिकटला तर खाली लोखंड किंवा पोलाद आहे. हळूच ओढल्यासारखा झाला तर सावध व्हा, कारण निकेल स्वतः चुंबकाला ओढतं, म्हणजे पितळेवर किंवा जस्तावर निकेलचा थर असला तरी थोडी ओढ जाणवते. ‘चुंबक लागला म्हणजे पोलाद’ हे अर्धंच खरं.

दुसरी चाचणी मोरचुदाची. बोर्डो मिश्रणासाठी (बुरशीवरच्या फवारणीसाठी) कुळागरवाल्यांच्या घरी मोरचूद असतंच, बाहेर शोधायला नको. पाण्यात चिमूटभर विरघळवा. नळ्यांखालचं पुढचं लाकूड काढल्यावर ॲक्शनचा जो भाग एरवी झाकलेला असतो, तिथे स्पिरिटने तेल पूर्ण पुसा आणि काडीने एक थेंब ठेवा. उघडं पोलाद असेल तर काही सेकंदांत थेंबाखाली तांबूस थर धरतो. मुलामा शाबूत असेल तर काही होत नाही. लाल टिंबं टिंबं उमटली तर मुलाम्याला छिद्रं पडली आहेत. जागा काळी पडली तर खाली जस्ताचं मिश्रण असण्याची शक्यता मोठी. थेंब लगेच धुवा, कोरडं करा, तेल लावा. राहून गेला तर तिथूनच गंज धरेल.

तिसरी चाचणी कानशीची, तीही झाकलेल्या कडेवरच. बारीक सुई कानस हलक्या हाताने एकदा ओढा. चावली, तर धातू मऊ आहे. काचेवरून गेल्यासारखी घसरली, तर कडक कातडी किंवा हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमचा जाड, कडक मुलामा. मुलामा फाटून खालचा धातू दिसला तर भुकटी बघा. पोलादाचा कीस चमकदार आणि वळलेला निघतो, बिडाची काळपट पूड पडते, जस्ताच्या ओतीव मिश्रणाचे राखाडी, ठिसूळ कण पडतात. या तिन्ही चाचण्या मिळून एकच गोष्ट सांगत नसतील तर त्या भागाला हत्यार लावू नये, असं माझं मत आहे.

समजा निकेल निघालं आणि खाली पोलाद. मग थेट वरून कोरता येईल का? हात चालेल, पण मी करणार नाही. निकेलचा थर साधारण १० ते २५ मायक्रॉनचा असतो. डोळ्यांना नीट दिसणारी कोरीव रेघ १०० मायक्रॉन तरी खोल जाते. म्हणजे प्रत्येक रेघ मुलामा फाडून खाली उतरणारच. भिंगाखाली बघा: ग्रेव्हर, म्हणजे कोरायचं टोकदार हत्यार, पुढे सरकतो तसा रेघेच्या दोन्ही काठांवर निकेलचा पापुद्रा उचलला जातो, कुठे तुटतो, कुठे तसाच उभा राहतो. काठ स्वच्छ येत नाही, करवतल्यासारखा दिसतो. वळणावर तर हमखास. रानडुकराचे केस दाखवायला जवळजवळ रेघा मारल्या की मधली पट्टीच सुटून येते.

दिसण्यापुरतंच असतं तर चाललंही असतं. पण आपण गोव्यात राहतो. निकेल लोखंडापेक्षा ‘उच्च’ धातू आहे, त्यामुळे दमट, खारट हवेत दोघं एकत्र उघडे पडले की गंजायचं काम लोखंडाच्या वाट्याला येतं. साध्या उघड्या पोलादापेक्षा ते जास्त जोराने गंजतं, कारण भोवतालचं सगळं निकेल त्या बारीक रेघेवर भार टाकतं. गंज मग मुलाम्याखाली पसरतो आणि फोड येतात. जूनमध्ये कोरलेलं नाव चतुर्थीला तांबडं दिसायला लागलं तर शेटना दोष देऊ नका. (निवडणुकीच्या काळात पोलिसांकडे जमा केलेली बंदूक परत आली की पहिल्यांदा पुसून शिवणयंत्राचं तेल लावा. खोबरेल नको, ते खवट होऊन चिकटतं.)

बरोबर क्रम असा: मुलामा उतरवायचा, कोरायचं, मग पुन्हा मुलामा द्यायचा. ऐकायला सरळ, पण त्यात दोन खड्डे आहेत. मुलामा उतरवायला बहुधा आम्ल लागतं, आणि कडक पोलादात, विशेषतः स्प्रिंगमध्ये, आम्लातला हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतं. म्हणून स्प्रिंग, चाप, आतले सगळे भाग आधी बाहेर. नळ्या कॉस्टिकच्या गरम टाकीत जाता कामा नयेत, ते सोल्डर खातं. क्रोम घरी उतरवायचा तर विचारही करू नका, त्यातून निघणारं रसायन विषारी असतं.

दुसरा खड्डा बफिंगच्या चाकाचा. मुलाम्याआधी चकाकी आणायला भाग चाकावर धरतात आणि ठसे पुसले जातात. तुमच्या फोटोत नळ्यांच्या खाली अंडाकृती चौकटीत ईएलजी आणि वर मुकुट दिसतोय. तो बेल्जियमच्या लीएज शहराचा प्रूफ ठसा, म्हणजे नळ्यांची दाबाची चाचणी झाल्याची खूण आहे, आणि मुकुट १८९३ पासूनचा. तो गेला तर बंदुकीची ओळखच गेली. आणि क्रमांक पुसट झाला तर तो कायद्याचा प्रश्न होतो. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचं नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणं, काढणं, बदलणं याला मनाई आहे. नक्षी कितीही सुंदर असली तरी ठशावरून जायची नाही. त्याच कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दात सुटे भागही येतात, आणि दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो. म्हणून ॲक्शन सोडवून शेटच्या पेढीवर ठेवून यायची नाही. काम परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्यामार्फतच करा.

एवढा सगळा व्याप करायची तुमच्या बंदुकीला गरज आहे का? मला नाही वाटत. जुन्या इंग्रजी आणि बेल्जियन बंदुकांच्या दस्त्याला खालच्या बाजूने चांदीचा किंवा पितळेचा एक छोटा लंबगोल बसवलेला असतो, मालकाची आद्याक्षरं कोरायला. तुमच्या दस्त्याला तो दिसत नाही. शेटकडून चांदीचा लंबगोल करून घ्या, त्यांनी तो पेढीवरच, राळेत बसवून, आपल्या नेहमीच्या हत्यारांनी कोरावा. बंदूक त्यांच्याकडे न्यायची गरजच नाही. मग दुरुस्तीवाला लाकडात बरोबर तेवढा खाचा करून तो बसवेल. धातू माहीत, मऊपणा माहीत, मुलाम्याचा प्रश्न नाही, आणि नंतर कुणाला नको असेल तर काढता येतो.

अक्षरांबद्दल: इंचभर लंबगोलात ‘श्री सातेरी प्रसन्न’ दाटीवाटीचं होईल. नुसतं ‘सातेरी’ घ्या. आधी उभ्या काना-दांड्या आणि वळणं कोरून घ्यायची, शिरोरेघ शेवटी, एका ओढीत. शिरोरेघ किंचित जरी डुलली तरी सगळा शब्द वाकडा दिसतो. रानडुक्कर वेगळ्या तुकड्यावर करा, नाहीतर सोडून द्या. लहान जागेत ते पाळीव डुक्कर दिसतं.

तरीही पोलादावरच हवं असेल, तर चापाभोवतीची कडी बघा. ती बहुधा मऊ पोलादाची असते आणि स्फोटाचा दाब तिच्यावर येत नाही. कानस चावली, चुंबक खाडकन लागला, मोरचुदाने तांबूस केली, तर ती कोरण्याजोगी. पण चांदीसाठी घासलेला ग्रेव्हर पोलादात पहिल्याच वळणावर टोक मोडतो. पोलादाला १२० अंशांचं व्ही टोक, समोरचा उतार ५० अंशांच्या आसपास, आणि खाली छोटी टाच लागते. हायस्पीड स्टीलने सुरुवात करा. कार्बाइड जास्त कडक असतं, पण नवख्या हातात चटकन तुटतं. जुने कारागीर पोलाद नुसत्या हाताने ढकलत नसत, लहान हातोडीने ठोकत जात. हार्डवेअरच्या दुकानातून एमएसची (साध्या मऊ पोलादाची) पट्टी आणा आणि कडीवर जे कोरायचंय ते त्यावर हात बसेपर्यंत कोरा.

एअर पिस्तुलाचं उत्तर लहान आहे. स्वस्तातली चकचकीत पिस्तुलं बहुतेक जस्ताच्या मिश्रणाची ओतीव असतात, वर तांबं-निकेल-क्रोमचे थर. ग्रेव्हर लावला की क्रोम तडकतं, खालचा धातू भुसभुशीत निघतो आणि पावसाळ्यात रेघांत पांढरी पूड धरते. ते ॲल्युमिनियमचं निघालं तर वरचा ॲनोडायझिंगचा (विजेने चढवलेला कडक ऑक्साइडचा) थर टोक बोथट करतो आणि कोरलेल्या रेघा कायम उघड्या राहतात. दोन्हीकडे वेळ घालवू नका.

चाचण्या झाल्या की झाकलेल्या भागाचा मोरचुदाचा थेंब पडलेला फोटो टाका, दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय. बंदुकीचा क्रमांक मात्र फोटोत येऊ देऊ नका.