मलेरियाच्या औषधांवर संशोधन करण्यात करिअर आहे का?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहात, परजीवींवरच्या औषधांत पीएच.डी. करायची आहे, पण घरचे म्हणतात, "मलेरिया कुठे राहिला आता?"

घरच्यांचं आधी उरकते. गडचिरोली नागपूरहून पावणेदोनशे किलोमीटरवर आहे आणि तिथे हिवताप वर्षानुवर्षं मोठ्या प्रमाणात सापडतो.

मी नागपुरातल्याच महाल भागातली. एम.एस्सी. इथेच केली, मग बावीस वर्षं बाहेर याच कामात काढली. माझ्या नावावर एकही औषध नाही. या क्षेत्रात बहुतेकांच्या नावावर नसतं, म्हणून हे सुरुवातीलाच सांगून टाकते.

प्रयोगशाळेच्या बशीतला परजीवी मारणं अवघड नसतं. फाल्सिपेरम हा मलेरियाचा परजीवी माणसाच्या तांबड्या पेशींत सतत वाढवण्याची पद्धत ट्रॅगर आणि जेन्सन यांनी 1976 मध्ये दाखवली. काचेच्या डेसिकेटरमध्ये मेणबत्ती लावून झाकण ठेवायचं. ती विझेपर्यंत आतला ऑक्सिजन कमी होतो, आणि परजीवीला तेच मानवतं. आम्हीही असंच शिकलो. परजीवी ज्या द्रवात वाढतो ते मिडियम रोज बदलावं लागतं, दिवाळी असो की दसरा. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला मी हळद उरकल्यावर पोचले, कारण माझं कल्चर सांभाळायला कोणी नव्हतं.

मी बनवलेलं 47 नंबरचं कंपाउंड क्लोरोक्विन या मलेरियाच्या जुन्या औषधाच्या गोत्रातलं होतं. परजीवी आपलं हिमोग्लोबिन खातो. उरलेला हीम हा लोहाचा भाग त्याला विषारी, म्हणून त्याचे स्फटिक करून ठेवतो. क्लोरोक्विन ते स्फटिक होऊ देत नाही. हट्टी झालेले परजीवी क्लोरोक्विनच त्या कप्प्यातून बाहेर काढून टाकतात. माझं 47 त्यांनाही मारत होतं. आम्ही पेढे वाटले. उंदरांची तपासणी दुसऱ्या प्रयोगशाळेत व्हायची, तिथून निकाल येईस्तोवर मी त्याची तीस भावंडं बनवली. निकाल आला तेव्हा औषध दिलेले आणि न दिलेले उंदीर सारखेच आजारी होते. कंपाउंड खडूसारखं, पोटात विरघळतच नव्हतं. जे थोडं रक्तात गेलं, ते यकृताने फस्त केलं.

हीच न विरघळण्याची अडचण आर्टेमिसिनिन या मलेरियाच्या औषधालाही होती. तू यूयू या चिनी शास्त्रज्ञबाईंनी 1971 मध्ये चिनी वनस्पतीचा अर्क उकळण्याऐवजी कमी तापमानाला ईथरने काढला, त्याचं 2015 मध्ये नोबेल मिळालं. पण मूळ पदार्थ ना पाण्यात धड विरघळतो, ना तेलात. म्हणून त्याचीच रूपं करावी लागली. आर्टेसुनेट शिरेतून देता येतं. तेलातल्या इंजेक्शनचं आर्टिईथर आपल्या लखनौच्या सीडीआरआय या औषध संशोधन संस्थेतून आलं. त्या रूपांवर राबलेल्यांची नावं कोणाला आठवतात? तुम्ही केमिस्ट आहात, तुमची जागा त्यांच्यातच आहे.

आणखी एक गोष्ट विदर्भातल्या माणसाला लवकर कळते. व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियाचे काही परजीवी यकृतात दडून बसतात, त्यांच्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावं लागतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की गोळ्या फडताळात जातात. शिवाय ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. एका डोसचं टॅफेनोक्विन 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण ते देण्याआधी या एन्झाइमची तपासणी करावीच लागते. आता आडवाटेच्या पाड्यावर ती कशी करणार? असे प्रश्न डोक्यात ठेवून रेणू निवडणारे लोक कमी आहेत.

हत्तीरोगही परजीवीचाच, आणि गोळ्या पोटात जाण्याची अडचण तिथेही तीच. 2019 मध्ये नागपूर जिल्ह्यात आजार नसलेल्यांनाही तीन औषधं देण्याची मोहीम झाली, त्यातल्या आयव्हरमेक्टिनचा डोस उंची मोजून. आमच्या शेजारच्या काकू दारातच अडून बसल्या, "मले काही झालं नाही, मंग कायले खाऊ गोळ्या?" शंभर पेपर वाचलेली मी, मला धड उत्तर सुचलं नाही. आशाताईंनी पाच मिनिटांत पटवलं.

पैशाचं म्हणाल तर जेआरएफला, म्हणजे पीएच.डी.च्या सुरुवातीच्या शिष्यवृत्तीला, महिना 37,000 रुपये अधिक घरभाडं, आणि पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धरून चाला. कंपन्यांना मलेरियाचं नवं औषध शोधण्यात रस कमी, कारण ज्याला ते लागतं त्याच्या खिशात पैसा नसतो. जिनिव्हाची एमएमव्ही ही ना-नफा संस्था 1999 मध्ये त्याचसाठी निघाली. पण रेणू जुळवण्याचा आणि तो शरीरात कुठे जातो हे पाहण्याचा हात बसला, की कर्करोगापासून मधुमेहापर्यंत कुठल्याही औषध कंपनीत तो चालतो. माझे निम्मे सोबती तिकडेच गेले, आणि मजेत आहेत.

लखनौ, दिल्ली, पुणे, जिथे अर्ज कराल तिथे गाइडला पेपर किती आले ते नंतर विचारा. आधी विचारा, उंदरांवर कोण तपासतं? "बाहेर पाठवतो" म्हणाले, तर निकाल यायला किती महिने लागतात तेही विचारून घ्या. माझ्या 47 नंबरला अकरा लागले होते.